दगडाला कड्या कशाला?

बालमित्रांनो,

गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेची सहल अजिंठ्याला नेली. आमच्या पहूरहून अजिंठा जवळच. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी पुढं आमच्याच गावाजवळून जाते. १९ नंबरच्या लेण्यात शिरलो, तर सगळी मुलं स्तूपाकडं पाहायला लागली. चौथीतली एक मुलगी मात्र मान वर करून छताकडंच बघत उभी! मग तिनं विचारलं, "गुरुजी, दगडाला कड्या कशाला?"

मी गडबडलोच. आजवर इतक्या सहली नेल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. छत कमानीसारखं गोल, आणि त्यावर ओळीनं कोरलेल्या फासळ्या. पण हे लेणं म्हणजे आतून पोखरलेला डोंगर. त्याला कड्यांचा आधार लागतोच कुठं?

घरी येऊन पुस्तकं काढली. उत्तर मोठं मजेदार निघालं. लेणी कोरायच्या आधी आपल्याकडं मोठाल्या इमारती लाकडाच्या असत. लाकूड कुजलं, जळलं, त्या इमारती गेल्या. पण कारागिरांच्या डोळ्यांत तोच आकार बसलेला. अजिंठ्याचं १० नंबरचं लेणं दोन हजार वर्षांहून जुनं आहे. त्याच्या मधल्या छताला खऱ्या लाकडी फासळ्याच बसवल्या होत्या. त्या आता नाहीत, त्यांच्या खाचा तेवढ्या उरल्यात. कार्ल्याच्या लेण्यात मात्र अशा लाकडी फासळ्या आजही दिसतात. पुढं पाचव्या शतकात १९ आणि २६ नंबरची लेणी झाली, तेव्हा फासळ्याही दगडातच कोरल्या. म्हणजे सुताराची नक्कल पाथरवटानं केली!

पण हे नेमकं त्या मुलीलाच का दिसलं? कारण ती धाब्याच्या घरात राहायची. रोज रात्री झोपताना तिच्या डोळ्यांसमोर कड्याच असायच्या.

धाब्याचं घर शहरातल्या मुलांना ठाऊक नसेल. आमच्या खान्देशातलं हे जुनं घर. खाली दगडी तळखडा. त्यावर सागाचा खांब. तळखड्यामुळं जमिनीची ओल आणि वाळवी खांबाला सहजासहजी लागत नाही. खांबांवर जाडजूड तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला तरी आत गारवा! दोन खांबांमधल्या जागेला 'खण' म्हणतात. घर किती मोठं, ते खणांवर मोजायचं.

या वर्षी उन्हाळ्यात त्या मुलीचं घर पाडायचं ठरलं. तिच्या वडिलांचं काही चुकलं नाही हं! धाबं दर पावसाळ्यात गळायचं, दरवर्षी वर माती टाकावी लागायची, दोन कड्या पोकळ झाल्या होत्या. खालून भीतीच वाटायची.

माती उतरवून झाली. एका खांबाच्या डोक्यावर चार लाकडं एकत्र आली होती. मजुरांनी करवत लावली, तोच मुलीचे आजोबा ओरडले, "अरे, थांबा!" आजोबा सुतार. वय झालेलं, हात थरथरतात. त्यांनी लाकडी हातोडा मागितला, एका बारीकशा खुंटीवर खालून दोन ठोके दिले. खुंटी बाहेर आली. मग एकेक लाकूड आपोआप सुटत गेलं. एकाच्या टोकाला कुसू, दुसऱ्याला बरोबर तेवढंच चौकोनी भोक. एकही खिळा नाही! मजूर बघतच राहिले. आजोबा मात्र गप्प बसून राहिले. संध्याकाळी लाकडं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत गेली.

जे असं सुटतं, ते पुन्हा जोडताही येतं. पोलंड देशात सानोक नावाच्या गावी १९५८ साली एक उघड्यावरचं संग्रहालय सुरू झालं. खेड्यांतली जुनी लाकडी घरं, प्रार्थनामंदिरं उलगडून तिथं पुन्हा उभी केली आहेत. आपल्या देशातही चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र इथं १९९६ पासून अशी घरं बघायला मिळतात.

आमच्याजवळ तेवढे पैसे कुठले? पण घर पाडायच्या आधी आमच्या वर्गानं दोन दुपारी तिथं बसून चित्रं काढली, टेपनं मापं घेतली. आजोबा एकेका लाकडाचं नाव सांगत होते, मुलं लिहून घेत होती. ते ११ कागद शाळेच्या कपाटात आहेत. खुंटीची जागा मात्र आम्हाला चित्रात दाखवता आली नाही, कारण ती आम्हाला दिसलीच नव्हती. ती फक्त आजोबांना माहीत होती. आता ती मुलगी रोज शाळा सुटल्यावर आजोबांजवळ बसून सांधे काढायला शिकतेय, कागदावर आणि बाभळीच्या तुकड्यांवरही.

तर दोस्तांनो, या सुट्टीत एवढं करा. तुमच्या गावात, मामाच्या गावात धाब्याचं घर किंवा जुना वाडा असेल, तर तिथं जा. खण मोजा. लाकडांची नावं विचारा. चित्र काढा. मोडक्या धाब्यावर मात्र चढायचं नाही! आणि पालकहो, गावातल्या म्हाताऱ्या सुताराशी मुलांची गाठ जरूर घालून द्या. लाकूड पुन्हा मिळेल, पण त्याला विचारायचं राहून गेलं तर दुसरं कोण सांगणार?

काय काय सापडलं, ते मला कळवा. वाट पाहतो.

तुमचा,
गुरुजी