नव्या लेंग्याला जुनी नाडी
जिप्सीचं स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून गाडी पुढं काढली की चाकाच्या आतून 'कट-कट' सुरू होते, तेव्हा रेडिओ मोठा करणारा मी एकटाच नसेन. १९८५ साली आलेल्या या गाडीचा पुढचा ॲक्सल अखंड, पाट्यांवर बसवलेला. पोटात दोन हाफ शाफ्ट. डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला, म्हणून एक शाफ्ट लांब, दुसरा आखूड. हे विसरलात तर दुकानाच्या दोन वाऱ्या. तुटतो तो बहुधा बाहेरच्या टोकाचा सांधा. त्यातले सहा पोलादी गोळे चाक वळलेलं असतानाही जोर पोचवतात. पण चिखलात, फोर व्हील लावून, स्टेअरिंग टोकाला नेऊन ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला (म्हणजे मला) ते माफ करत नाहीत. शाफ्ट बदलण्याचं काम फार अवघड नाही, घाण मात्र आहे. गाडी घोडीवर चढवून चाक, कॅलिपर, हब, बेअरिंगचा नट, स्पिंडल असं उतरवत गेलं की शाफ्ट काळ्या ग्रीसने माखून हाताने बाहेर येतो. ते ग्रीस पातळ दिसलं, तर समजावं की आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल तिथवर झिरपलंय. मी सील तसंच ठेवू म्हणालो, तर मिस्त्री म्हणाले, "साहेब, नव्या लेंग्याला जुनी नाडी?" नवं सील बसलं. मग शाफ्ट आत सरकवताना त्याचं वजन त्या सीलवर पडू नये म्हणून मिस्त्रींनी तो दोन्ही हातांवर तोलला, दात खाचेत बसेपर्यंत हळूहळू फिरवत राहिले, आणि मला बॅटरी नीट धर म्हणून दोनदा दटावलं.