लग्नाचा छायाचित्रकार निवडताना

दादाच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा कार्यालय, आचारी, गुरुजी ही कामे त्याने स्वतःकडे घेतली आणि छायाचित्रकार शोधण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी मराठी शिकवते, म्हणजे मला सौंदर्यशास्त्र कळत असणार, असा त्याचा तर्क. तर्कातला विनोद सोडून देऊ. परंतु त्यानिमित्ताने दोन महिने मी सात-आठ जणांची कामे पाहिली आणि माझे एक मत बनले. लग्नाचा छायाचित्रकार त्याच्या उत्तम छायाचित्रांवरून निवडू नये. 

निवडक कविता वाचून कवीविषयी निवाडा देऊ नका, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. छायाचित्रकार जे दाखवतो, ती त्याच्या निवडक कविताच असते. शेकडो लग्नांतून वेचलेल्या वीस-पंचवीस चौकटी; त्यांत एखादी नवरी देखणी, एखादा वाडा देखणा, एखादी संध्याकाळ देखणी. यात त्याचे कर्तृत्व किती आणि योगायोगाचे किती, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच मागणी केली: कुठल्याही एका साध्या लग्नाची, साध्या कार्यालयातली, पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी छायाचित्रे दाखवा. त्या घरची हरकत नसेल तरच, हेही सांगितले. चौघांनी टाळाटाळ केली. एकाने ड्रोनची चित्रफीत लावली.

संपूर्ण लग्न पाहायचे ते कशासाठी? आपल्याकडचा विवाहविधी हा पुष्कळ अंशी पाहण्याचा आणि न पाहण्याचा विधी आहे. अंतरपाट धरायचा तो वधूवरांनी मुहूर्तापर्यंत एकमेकांना पाहू नये म्हणून. सूनमुखाच्या वेळी सासू सुनेचे मुख पाहते ते आरशात. ज्याला हा क्रम ठाऊक नाही त्याचा कॅमेरा कितीही महाग असो, तो नेमका चुकीच्या जागी उभा राहतो. अंतरपाट दूर होतो तेव्हा दोन्ही चेहरे एकाच चौकटीत हवे असतील तर कापडाच्या कडेला, बाजूने उभे राहावे लागते. त्याच जागेवर मामा असतात, करवल्या असतात, गुरुजींचा हात असतो आणि वरून अक्षतांचा पाऊस. मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वीच जो आपली जागा धरून ठेवतो त्यालाच ते दोन-तीन क्षण मिळतात. बाकीचे 'परत एकदा धरा' म्हणतात. 

सूनमुखाची परीक्षा याहून कठीण. आरशातले प्रतिबिंब आरशाच्या पृष्ठभागावर नसते. आरशापुढे चेहरा जितका दूर, तितकेच ते आरशामागे असते. आरशाच्या चौकटीवर नेम धरला की चौकट स्पष्ट आणि सुनेचा चेहरा धूसर येतो. शिवाय कोन चुकला तर आरशात छायाचित्रकार महाशय स्वतःच फ्लॅशसह अवतरतात. मी पाहिलेल्या लग्नांपैकी दोनच आरशांत सुना होत्या.

लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, त्याला पाच सेकंदही लागत नाहीत. तोवर निम्मे पाहुणे पंगतीला गेलेले असतात आणि पुष्कळदा छायाचित्रकारही. त्या पाच सेकंदांत तो कुठे होता, हे संपूर्ण लग्न पाहिल्यावाचून कळत नाही.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाहिली: सावळी माणसे. लाल-पिवळ्या कनातीतून झिरपणारा प्रकाश चेहऱ्यांवर रंग सोडतो, तो दुरुस्त करावा लागतो, हे मान्य. पण त्या दुरुस्तीच्या नावाखाली नवरीला तीन छटा उजळ करण्याची जी रीत पडली आहे ती मला अपमानास्पद वाटते. एका अल्बमात नवरी गोरी आणि तिच्या शेजारी उभी असलेली तिची सख्खी बहीण सावळी होती. कारण बहिणीचे पैसे कोणी दिले नव्हते! तो अल्बम मी तिथेच मिटला.

माझे स्वतःचे लग्न २००६ सालचे. रिळांचा जमाना सरत होता, संगणकावर पाने जुळवलेल्या चकचकीत अल्बमांचा सुरू झाला होता. आमच्या अल्बमात मी आणि माझे यजमान एका पानावर कमळात उभे आहोत, दुसऱ्यावर परदेशी धबधब्यापुढे. त्यात माझी आजी नाही. ती विधवा होती. बोहल्याजवळ यायचे नाही हे तिला कोणी सांगितले नव्हते, सांगावे लागतही नव्हते. ती कोठीघराच्या दारात उभी राहिली आणि तिथूनच तिने अक्षता टाकल्या. मी ते पाहिले नाही, कारण माझ्यापुढे अंतरपाट होता. नंतर आईने सांगितले. पुढच्या वर्षी आजी गेली. रूढीने जिला मागे ठेवले तिला छायाचित्रकारानेही मागे ठेवले, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? आम्हीच त्याला बोहले दाखवले होते, कोठीघर नाही.

रोलाँ बार्थच्या 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्या दिवंगत आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राभोवती फिरतो. तेच छायाचित्र मात्र त्याने पुस्तकात छापले नाही. ते आपल्यापुरतेच आहे, इतरांना ते कुठलेही एक छायाचित्र वाटेल, अशी त्याची भूमिका होती. लग्नाच्या अल्बमातही घराला पुढे जी छायाचित्रे लागतात ती बहुधा अशीच असतात. कोठीघराच्या दारातली म्हातारी कुठलाही छायाचित्रकार जाहिरातीत लावणार नाही. म्हणून ती त्याला दिसते की नाही, हे जाहिरातीवरून समजत नाही.

व्यवहाराचेही थोडे सांगते. मोठ्या स्टुडिओशी बोलणी करताना प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव करारात लिहून घ्यावे. बोलायला एक आणि यायला दुसरा, हा अनुभव सर्रास आहे. छायाचित्रे एकाच वेळी दोन कार्डांवर साठवणारा कॅमेरा आहे का, ते विचारावे. आणि प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. हा उलट करार बारीक अक्षरांत असतो. मुलीचे छायाचित्र कोणाच्या जाहिरातीत झळकावे की नाही, हे तिने ठरवायचे असेल तर ती अक्षरे सहीपूर्वी वाचावीत.

शेवटी ज्याला ठरवले तो सांगलीकडचा. ड्रोन नाही म्हणून दादा थोडा नाराज होता. त्याने दाखवलेल्या लग्नात नवरीचे रूप बेताचे, कार्यालयाच्या भिंती पोपटी. पण कान पिळतानाचा भाऊ होता, आरशात सून होती, आणि अक्षता पडत असताना खांबाआडून पाहणारी, कपाळ मोकळे असलेली एक बाई होती. ती कोण, असे मी विचारले. "नवऱ्या मुलाची काकू," तो म्हणाला. "मॅडम, तुमच्या घरातली कोण माणसं पुढं येत नाहीत, त्यांची नावं आधी सांगून ठेवा. ऐन गर्दीत मला शोधायला वेळ मिळत नाही."

दादाने खिशातून पेन काढले. वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. आई आतल्या खोलीत निवडणटिपण करत बसली होती. दादाने पहिले नाव तिचे लिहिले, आणि मग बराच वेळ दुसरे लिहिले नाही.