विश्लेषण : कोट्यवधी अंशांचा ‘ताप’ मोजणारा लेझर

‘कृत्रिम सूर्या’ने कोट्यवधी अंश तापमान गाठले, अशा बातम्या अधूनमधून येतात. एवढ्या उष्णतेत कोणताही तापमापक टिकत नाही. मग हा आकडा मोजतात कसा?

लेझर तापमान कसे सांगतो?

हलकी अणुकेंद्रे एकत्र आणून ऊर्जा मिळवणे म्हणजे अणुसंमीलन. त्यासाठी तापलेला प्लाझ्मा ‘टोकामॅक’ या मेदूवड्याच्या आकाराच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्राने कोंडतात. त्यात लेझरचा झोत सोडला की अत्यल्प प्रकाश इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतो. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका त्या प्रकाशाच्या तरंगलांबींचा पट्टा रुंद. या रुंदीवरून तापमान कळते, तर विखुरलेल्या प्रकाशाच्या प्रमाणावरून घनता. हेच ‘थॉमसन स्कॅटरिंग’.

त्याने काय साधले?

१९५८ मध्ये ब्रिटनच्या ‘झीटा’ यंत्रात संमीलन झाल्याचा गाजावाजा झाला. काही महिन्यांतच दावा मागे घ्यावा लागला. त्यामुळे १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘टी-३’ टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश गाठल्याचे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञ साशंक होते. ऐन शीतयुद्धात ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेचे पथक लेझर घेऊन मॉस्कोला गेले. १९६९ मध्ये त्यांच्या मोजणीने दावा खरा ठरला आणि जगभर टोकामॅक उभे राहू लागले.

भारत कुठे आहे?

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ टोकामॅक सुरू झाला. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ प्रकल्पाच्या सात भागीदारांत भारत आहे. तेथे १५ कोटी अंशांचे उद्दिष्ट आहे, म्हणजे सूर्याच्या केंद्राच्या दहापट.

मराठवाड्याशी संबंध काय?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. तिचे काम गुरुत्वीय लहरी टिपण्याचे. पण लेझरचे दोन झोत करून त्यांच्यातील फरक मोजण्याची तिथली पद्धत, म्हणजे इंटरफेरोमेट्री, प्लाझ्माची घनता मोजायलाही वापरतात. लेझर, आरसे आणि निर्वात यंत्रणा हाताळण्याचे कौशल्य दोन्हीकडे लागते. लातूर-नांदेडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

बातमी वाचताना काय पाहावे?

नुसते तापमान पुरेसे नाही. प्लाझ्माची घनता किती होती आणि त्याने उष्णता किती वेळ धरून ठेवली, हेही पाहावे. तिन्ही आकडे जुळल्याशिवाय संमीलनातून वीज मिळणार नाही.