गळतीची तक्रार आणि बंद पडलेला पंप

भाडेकरूने छत गळतंय म्हणून तगादा लावला की घरमालक भांडत नाही. फक्त पंप ‘बिघडतो’, जिन्यातला दिवा जातो आणि भाड्याची पावती पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यावर मुका नाही. करारात उलट काही ठरलं नसेल तर डागडुजी मालकाच्याच गळ्यात. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वाजवी वेळेतही तो हलला नाही, तर भाडेकरूने काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. (नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचही जपा, व्हॉट्सॲपवरच्या रुसव्याफुगव्यांवर विसंबू नका.) विनाकारण पाणी-वीज तोडली तर कलम २९ खाली कोर्ट ती पूर्ववत करायला लावतं, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! एवढ्यात आज धड प्लंबरही मिळत नाही. पण खरी गोची अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांची. ओल आलेल्या भिंतीपुढे ते मुकाट कपाट सरकवतात, कारण त्यांच्या मालकाला काही तोडावंच लागत नाही. करार वाढवला नाही की झालं, आणि मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट शुल्क तुमच्याच माथी.