सद्हेतूचा हिशेब

मुलांच्या भल्यासाठी केलेले काम मुलांच्याच मुळावर येऊ शकते, हे कळायला अमेरिकेला जवळजवळ 40 वर्षे लागली. हार्वर्डचे डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने बोस्टनलगतच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत 1939 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत, हा हेतू. सारख्या मुलांच्या जोड्या लावून नाणेफेकीने प्रत्येक जोडीतला एक निवडला. त्याला समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे मिळाली. दुसऱ्याला यातले काहीच नाही.

उपक्रम संपल्यावर तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी 506 जणांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी उपक्रमाचे गोडवे गायले. न्यायालये आणि रुग्णालयांच्या नोंदी मात्र उलटे सांगत होत्या. पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू: मदत मिळालेलेच यात जास्त सापडले. 1978 मध्ये हे प्रसिद्ध झाले. दुसरा गट नसता, तर त्या गोडव्यांनाच पुरावा मानले गेले असते.

पण धडा मुरला नाही. 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी शाळांतून अमली पदार्थांविरुद्ध तास घेणे सुरू केले. ‘डेअर’ नावाने तो उपक्रम देशभर गेला. त्याचा टिकाऊ परिणाम दिसत नाही, हे संशोधनाने पुढे वारंवार दाखवले.

याउलट बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 1985 पासून पहिलीच्या वर्गांत एक साधा खेळ तपासला. वर्गाचे गट पाडायचे; ज्या गटाकडून नियम कमी मोडले जातील, तो जिंकला. पहिलीत सर्वाधिक आक्रमक असलेल्या मुलांमध्ये विशीच्या उंबरठ्यावर व्यसनांचे प्रमाण घटलेले आढळले.

आपल्याकडेही गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत अशीच पारख केली. एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी राबवला, काहींत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकावर आणखी एक उपक्रम टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शाळांतल्या मानसिक आरोग्य शिबिरांचे आणि व्यसनमुक्तीच्या शपथांचे यश उपस्थितीच्या आकड्यावर मोजणे सोपे असते. त्यातून मुलांचे काय झाले, हे कळत नाही. म्हणून नवा कार्यक्रम राज्यभर नेण्याआधी तो काही तालुक्यांत राबवावा, तशाच काही तालुक्यांत वर्ष-दोन वर्षे लांबणीवर टाकावा आणि दोन्हीकडच्या मुलांचा पाठपुरावा विद्यापीठांकडे सोपवावा. त्यासाठीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. कार्यक्रम लोकप्रिय झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायला कोणतेही सरकार तयार होत नाही.