रूपकाचा अधिकार कोणाला?

काही महिन्यांपूर्वी कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी बोलताना मी अमेरिकेतील रॅप-गायक किलर माइक ह्यांचे उदाहरण दिले. तेव्हा एका ज्येष्ठ साथींनी मला मध्येच थांबवून विचारले, "सर, ज्या गाण्यांत शिवीगाळ आहे, बंदुकीचा गौरव आहे, स्त्रियांविषयी हीन उद्गार आहेत, त्या गाण्यांसाठी समाजवाद्यांनी का म्हणून झगडावे?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी दिलेले उत्तर अपुरे होते, हे घरी परतताना माझे मलाच जाणवले. ते येथे पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

किलर माइक ह्यांचे खरे नाव मायकेल रेंडर. १९७५ साली जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात होते. ठेक्यावर यमकबद्ध बोल वेगाने म्हणण्याचा रॅप हा प्रकार १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब वस्त्यांतून पुढे आला. रेंडर ह्यांनी त्याला राजकीय धार दिली. २०१२ साली त्यांनी अध्यक्ष रेगन ह्यांच्यावर गाणे रचले. अमली पदार्थांविरुद्धच्या 'युद्धा'च्या नावाखाली कृष्णवर्णीय तरुण तुरुंगांत कसे कोंबले गेले, हा त्या गाण्याचा विषय. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अटलांटाच्या व्यासपीठावरून बर्नी सँडर्स ह्यांना जाहीर पाठिंबा दिला आणि आपल्या सलूनमध्ये बसून त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. आपल्या वाचकांना हे नाव माहीत असलेच, तर ते बहुधा सँडर्स ह्यांच्यामुळे. परंतु त्यांचे ज्या कामामुळे मी आज लिहीत आहे, ते काम ह्याहून वेगळे आहे.

अमेरिकेत गेली अनेक वर्षे सरकारी वकील फौजदारी खटल्यांत रॅप-गाण्यांचे शब्द पुरावा म्हणून मांडत आले आहेत. गाण्यात खुनाचे वर्णन आहे, सबब गायक खुनी आहे, असा हा तर्क. एरिक नीलसन आणि अँड्रिया डेनिस ह्यांनी २०१९ साली 'रॅप ऑन ट्रायल' ह्या पुस्तकात अशा शेकडो खटल्यांचा मागोवा घेतला. त्या पुस्तकाची प्रस्तावना रेंडर ह्यांची आहे. त्याआधीच त्यांनी अन्य कलावंतांना जमवून न्यायालयाचे दार ठोठावले होते.

त्यांपैकी दोन प्रकरणे सांगतो. मिसिसिपी राज्यातील एका शाळकरी मुलाने २०११च्या आरंभी एक रॅप रचून इंटरनेटवर ठेवला. शाळेचे दोन क्रीडाशिक्षक मुलींशी लैंगिक गैरवर्तन करतात, असा त्यात आरोप होता. भाषा शिवराळ होती आणि धमकीवजाही होती. काही मुलींनी त्या आरोपाला दुजोरा देणारी शपथपत्रे दिली. शाळेने मात्र त्या मुलालाच निलंबित केले आणि अन्य शाळेत धाडले. २०१५ साली अपील न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले, तेव्हा रेंडर आणि इतर गायकांनी मुलाच्या बाजूने निवेदन दाखल केले. २०१६ साली न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

दुसरे प्रकरण पिट्सबर्गचे आणि अधिक अवघड आहे. जमाल नॉक्स ह्या तरुण गायकाने स्वतःला अटक करणाऱ्या दोन पोलिसांची नावे घेऊन हिंसेची भाषा करणारे गाणे रचले. ते पोलीस त्याच्याविरुद्धच्या खटल्यात साक्षीदार होते. धमकी दिल्याबद्दल तो दोषी ठरला आणि २०१८ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. रेंडर, चान्स द रॅपर, मीक मिल आदींनी २०१९ साली केंद्रीय सर्वोच्च न्यायालयापुढे निवेदन ठेवले. रॅपमध्ये अतिशयोक्ती असते, बढाई असते, गायक दुसऱ्याच एका पात्राच्या तोंडून बोलत असतो. हे संकेत ठाऊक नसलेल्या न्यायाधीशाने शब्दशः अर्थ लावू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. ह्याही वेळी न्यायालयाने प्रकरण हाती घेतले नाही. नावे घेतलेल्या त्या पोलिसांच्या जागी आपण असतो तर भय वाटले नसते, असे मी म्हणणार नाही. तथापि भय वाटणे आणि धमकी सिद्ध होणे ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखणे हेच न्यायालयाचे काम आहे.

आता कोणी म्हणेल की हा न्याय सर्वच गीतप्रकारांना सारखा लावला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. कॅरी फ्रीड ह्या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९९०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. पोलिसाच्या हत्येचे वर्णन करणाऱ्या एका जुन्या लोकगीताचे शब्द त्यांनी लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितले की हे ग्रामीण ढंगाचे 'कंट्री' गीत आहे, काहींना सांगितले की हा रॅप आहे. शब्द तेच होते. परंतु ज्यांना ते रॅप म्हणून दिले, त्यांना ते अधिक आक्षेपार्ह आणि अधिक धोकादायक वाटले. पुढे इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. गोऱ्या गायकाने खुनाचे गाणे म्हटले, तर ती कला होते. कृष्णवर्णीय गायकाने तेच म्हटले, तर तो कबुलीजबाब होतो. रूपकात बोलण्याचा अधिकारही समाजात विषम वाटला गेलेला आहे. ह्या विषमतेला इतिहास आहे. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. तो चिरडल्यानंतर १७४०च्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे वाजवण्यास मनाई झाली. ढोलाच्या आवाजात मळेवाल्यांना बंडाचा इशारा ऐकू येत होता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कागदावरचे स्वातंत्र्य वापरायला पैसा लागतो. अमेरिकेत केंद्रीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नमूद केले. ज्याच्याजवळ चांगला वकील नाही, जामिनाची रक्कम नाही आणि ज्याच्यापुढे त्याचीच गाणी ज्युरीला ऐकवण्याचा धाक उभा आहे, त्याने सौदा पत्करून मोकळे व्हावे हे ओघानेच येते. धनवानालाही हा फेरा चुकतोच असे नाही. अटलांटाचाच प्रसिद्ध रॅप-गायक यंग थग मे २०२२मध्ये टोळीविरोधी कायद्याखाली पकडला गेला. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्याच्या गाण्यांतील काही ओळी सशर्त पुराव्यात घेण्यास अनुमती दिली. दोन वर्षांहून अधिक काळ जामिनाविना काढल्यावर ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी तो काही आरोप कबूल करून सुटला, तोही पंधरा वर्षांच्या देखरेखीच्या अटीवर. हा खटला चालवणाऱ्या जिल्हा सरकारी वकील फानी विलिस ह्या स्वतः कृष्णवर्णीय आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या आहेत. दोष केवळ प्रतिगाम्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही, ते असे.

ह्या लढ्यास अगदीच फळ आले नाही असे नाही. ३० सप्टेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी कलाकृती पुराव्यात घेण्यावर बंधने घालणाऱ्या कायद्यावर सही केली. पूर्वग्रह निर्माण होण्याचा धोका न्यायाधीशाने आधी तोलून पाहिला पाहिजे, असे त्या कायद्याचे सूत्र आहे.

रेंडर ह्यांचे सारेच आपल्याला पटण्याजोगे आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०१६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांना आपला पैसा कृष्णवर्णीयांच्या बँकांत ठेवण्याचे आवाहन केले आणि पुढे २०२०मध्ये अँड्र्यू यंग आदींसह 'ग्रीनवुड' ही नवी बँकसेवा उभारली. स्वाभिमानाची खूण म्हणून ह्याचे मोल आहे. परंतु २०१९ साली गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती १,८८,२०० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची २४,१०० डॉलर होती. जेथे ठेवीदारच निर्धन, तेथे बँक भांडवल आणणार कोठून? ही दरी ठेवींनी नव्हे, सार्वजनिक धोरणानेच बुजेल. मार्च २०१८मध्ये त्यांनी बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेला मुलाखत दिली. शाळकरी मुलांच्या शस्त्रविरोधी मोर्चाच्या तोंडावर ती प्रसारित झाली आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२०मध्ये ते जॉर्जियाच्या रिपब्लिकन गव्हर्नरांना भेटले, तेव्हा स्वकीयांनीच त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ती टीका मला बरीचशी योग्य वाटते. म्हणून त्यांनी न्यायालयांपुढे मांडलेला मुद्दा लंगडा ठरतो काय? मुळीच नाही.

आणि येथेच त्या साथींच्या प्रश्नाचे उत्तर आहे. स्त्रियांविषयी हीन बोलणाऱ्या गाण्यावर आपण कठोर टीका करावी, ते आपल्या व्यासपीठावर गाऊ देऊ नये, त्याला तोडीस तोड गाणे रचावे. हे सारे आपले काम आहे. ते काम पोलिसांकडे सोपवले, की काय घडते ते मिसिसिपीच्या मुलाने दाखवले आहे. त्याची भाषा शिवराळ होती, पण ती मुलींच्या बाजूने होती. व्यवस्थेने शिवी तेवढी ऐकली आणि तक्रार गिळून टाकली. सभ्यतेची कसोटी सत्तेच्या हाती दिली, तर पहिला बळी पीडितांच्या भाषेचा पडतो, कारण पीडितांची भाषा सहसा सभ्य नसते.

महाराष्ट्राला हे परके नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच महाराष्ट्रात एप्रिल २०१३मध्ये कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी ह्यांना विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागले. सचिन ह्यांना जामीन मिळण्यास २०१७ साल उजाडले. २०२३ साली राज मुंगासे आणि उमेश खाडे ह्या मराठी रॅप-गायकांवर राजकीय गाण्यांपायी गुन्हे नोंदवले गेले.

अशा वेळी आपण काय केले, हा प्रश्न प्रत्येक शाखेने स्वतःला विचारावा. गाणे आपल्या पक्षाला सोयीचे असले तर मोर्चा आणि गैरसोयीचे असले तर मौन, ही रीत बरी नव्हे. ज्या तालुक्यात गाण्यावरून गुन्हा नोंदवला जाईल, तेथील आपल्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी वकील शोधावा, जामीनदार उभा करावा आणि पोलीस ठाण्याबाहेर त्या मुलाच्या आईजवळ जाऊन बसावे. गाणे चांगले की वाईट, ह्याचा वाद तो घरी परतल्यावर त्याच्याशी अवश्य घालावा.