वडिलोपार्जित काठी

दर नोव्हेंबरात आमच्या बँकेत पेन्शनर मंडळी हयातीचे दाखले द्यायला येतात. त्यांच्या हातातल्या काठ्या पाहिल्या, की मला पुढच्या नोव्हेंबरची काळजी वाटू लागते. एकाची काठी छातीपर्यंत, तर दुसऱ्याची इतकी आखूड, की गृहस्थ पडलेली चार आणे शोधताहेत असे वाटावे. विचारले की उत्तर ठरलेले : "वडिलांची आहे!"

अहो, वडिलांची कवळी लावता का? मग काठीच तेवढी वारसाहक्काने कशी चालते?

हे मी अनुभवाने बोलतो आहे. आजोबांची पितळी शेंबीची शिसवी काठी मीच थाटात नानांच्या हाती दिली. आजोबा सहा फूट, नाना पाच फूट तीन. कोणी म्हणाले, सुताराकडून खालून कापून घ्या. आजोबांची काठी कापायची? शिव शिव! वर "उजवा गुडघा दुखतोय ना, मग उजव्याच हातात धरा," हा सल्लाही फुकट दिला. चौथ्या दिवशी न्हाणीघरासमोरच्या ओल्या फरशीवर पितळ सरकले, पाठोपाठ नाना. उजवे मनगट मोडले. त्या नोव्हेंबरात जन्मभर पोरांना अक्षर गिरवायला लावणाऱ्या मास्तरांचा डावा अंगठा मीच शाईत बुडवला. नाना काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीने दहा मिनिटांत आमच्या घराण्याची अक्कल काढली. रोजची पायताणे घालून ताठ उभे राहायचे, हात सैल सोडायचे. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. धरल्यावर कोपर किंचित वाकलेले. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात! पुढे मात्र काठी आणि दुखरा पाय बरोबरच टाकायचे. मला हे ताबडतोब पटले. उजव्या गुडघ्याच्या नावे, डाव्या हाताकडे जमा. बी. कॉम.ला दुसरे काय शिकलो? जिना चढताना आधी धडका पाय, उतरताना आधी काठी नि दुखरा पाय. टोकाला रबराचे बूच हवेच, आणि त्याची नक्षी झिजली की नवे. स्कूटरचा टायर गुळगुळीत झाला की आपण हळहळतो. बापाच्या काठीचे बूच उलटून पाहिलेला मुलगा मला अजून भेटायचा आहे.

नानांकडे आता उंची कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची काठी आहे. "घराण्याला शोभत नाही हो," असे आमच्या आत्याबाईंचे म्हणणे. त्यांच्याकडे सासऱ्यांची आहे, चांदीच्या मुठीची.